गरोदरपणात फॉलिक ॲसिडची गोळी का देतात? उत्तराची सुरुवात परळमध्ये झाली होती

मनमाडचं उपजिल्हा रुग्णालय असो की एखाद्या पाड्यावरचं उपकेंद्र, दिवस गेल्याचं कळलं की बाईच्या हातात गोळ्यांची पाकिटं पडतात. सुरुवातीचे तीन महिने नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या. चौथ्या महिन्यापासून लाल गोळी, जिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रोज एक, निदान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. कुणी नेमाने घेतं. कुणी मळमळतं, शौचाला काळं होतं म्हणून पाकीट गुपचूप फळीवर ठेवून देतं.

रक्त वाढायला लोह लागतं हे आपल्याकडे आजीपासून आशाताईंपर्यंत सगळे सांगतात. पण त्याच गोळीत बसलेलं फॉलिक ॲसिड आलं कुठून? या प्रश्नाचा माग काढत गेलं की आपण थेट मुंबईच्या गिरणगावात, परळच्या हाफकिन संस्थेत जाऊन पोचतो. तिथे १९२८ साली एक इंग्रज डॉक्टर बाई कामाला आल्या होत्या. त्यांचं नाव लुसी विल्स. १० मे २०१९ ला, त्यांच्या १३१व्या जन्मदिनी, गूगलने त्यांच्यावर डूडल केलं तेव्हा आपल्याकडे अनेकांनी हे नाव पहिल्यांदा वाचलं. खरं तर ते आपल्याला आधीच माहीत असायला हवं होतं, कारण ज्या बायकांच्या रक्ताचे नमुने त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, त्या आपल्याच आज्या-पणज्यांच्या वयाच्या, मुंबईत राहणाऱ्या गरीब बायका होत्या.

गरोदरपणात मलेरिया झाला तर वारेचं काय होतं आणि पोटातलं बाळ का खुरटतं, हे समजून घेतानाही विल्सबाईंचं काम उपयोगी पडतं. त्याकडे पुढे येऊ. आधी त्यांची गोष्ट.

डॉक्टर होण्याआधीची बत्तीस वर्षं

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ चा, बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा. घरचा कारखाना विळे, कोयते अशी धारदार अवजारं बनवण्याचा. वडील स्वतः विज्ञान शिकलेले, आईचे वडील बर्मिंगहॅममधले नावाजलेले डॉक्टर. चार भावंडांत लुसी तिसरी. लेखक ऑस्कर वाइल्डला १८९५ साली शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती आल्फ्रेड विल्स हे तिच्या आजोबांचे भाऊ. ते नामांकित गिर्यारोहकही होते. डोंगर चढण्याची हौस या घराण्यात लुसीपर्यंत उतरलेली दिसते.

१९०३ मध्ये ती चेल्टनहॅमच्या मुलींच्या शाळेत दाखल झाली. विज्ञान आणि गणित मुलींनाही नीट शिकवणाऱ्या तेव्हाच्या मोजक्या शाळांपैकी ती एक होती. तिथून १९०७ मध्ये केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात. विषय वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९११ मध्ये परीक्षा झाल्या, ती पास झाली, पण पदवी मिळाली नाही. केंब्रिज तेव्हा मुलींना परीक्षेला बसू देत असे, पदवी मात्र देत नसे. हा नियम बदलायला १९४८ उजाडलं, तोवर विल्सबाई निवृत्तही झाल्या होत्या!

१९११ मध्ये वडील गेले. १९१३ मध्ये मोठी बहीण एडिथ गेली, वय फक्त २६. त्यानंतर लुसी आईबरोबर सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जाऊन आली. १९१४ मध्ये भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेत असताना पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि केपटाउनच्या एका रुग्णालयात तिने स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम केलं. तिथेच डॉक्टर व्हायचं ठरलं असावं, कारण इंग्लंडला परतताच जानेवारी १९१५ मध्ये तिने लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये प्रवेश घेतला. मराठी वाचकाला ही संस्था परकी वाटायला नको. डॉ. रखमाबाई राऊत याच कॉलेजात शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या होत्या.

लुसी विल्स १९२० मध्ये डॉक्टर झाल्या, वयाच्या ३२व्या वर्षी. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत राहणं पसंत केलं. गरोदरपणात शरीरातल्या रासायनिक क्रिया कशा बदलतात, हा तिथला त्यांचा विषय. पुढची आठ वर्षं त्यात गेली.

१९२८ ची मुंबई

ते वर्ष मुंबईसाठी धामधुमीचं होतं. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा प्रचंड संप चालला. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात स्त्री कामगारांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देण्याच्या विधेयकावर चर्चा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. १९२९ मध्ये त्याचा कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. आणि त्याच १९२८ मध्ये गॉर्डन कोव्हेल यांनी मुंबईतल्या मलेरियाची पाहणी करून अहवाल दिला. त्याआधी १९११ मध्ये बेंटली यांच्या अहवालाने शहरातल्या विहिरींकडे बोट दाखवलं होतंच. घराघरातल्या विहिरी आणि पाण्याच्या टाक्या यांत वाढणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा डास मुंबईत मलेरिया पसरवत होता.

म्हणजे कामगार बाईचं बाळंतपण हा विषय तेव्हा कायदेमंडळातही होता आणि दवाखान्यातही. डॉ. मार्गारेट बाल्फोर या स्कॉटिश डॉक्टर कित्येक वर्षं भारतात काम करत होत्या. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी त्या करत होत्या. बाळंतपणात इतक्या बायका का मरतात, याचा शोध घेण्यासाठी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने चौकशी हाती घेतली होती. हीच संस्था पुढे आयसीएमआर म्हणून ओळखली जाऊ लागली. या चौकशीत रक्तक्षयाचा भाग सांभाळायला बाल्फोर यांनी विल्सबाईंना बोलावलं. पुढे लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टनेही पैशाची मदत केली.

कामाची जागा परळची हाफकिन संस्था. प्लेगच्या साथीच्या काळात सुरू झालेली ही प्रयोगशाळा राज्यपालांच्या जुन्या बंगल्यात होती, आजही तिथेच आहे. चाळिशीच्या विल्सबाई तिथे दाखल झाल्या. मधले काही महिने कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आणि मद्रासच्या एका रुग्णालयात काढले, तरी १९३३ पर्यंत त्यांचा मुख्य मुक्काम मुंबईच राहिला.

रक्त कमी, पण पेशी मोठ्या

आता मूळ प्रश्न नीट समजून घेऊ. गरोदर बाई फिकट पडली, दम लागतोय, पाय सुजलेत. रक्त कमी आहे हे दिसतंच. पण का कमी आहे? त्या काळच्या मुंबईत याची किमान तीन-चार कारणं हजर होती. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो, तिथे वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो, म्हणजे रक्त फुटून कमी होतं. आकडेकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. जेवणात लोह कमी असेल तर रक्त तयारच कमी होतं. तिन्हींत बाई सारखीच फिकट दिसते. फरक कळतो तो रक्ताचा थेंब काचेवर पसरून पाहिला तर.

लोह कमी असेल तर पेशी लहान आणि फिकट दिसतात. मलेरिया असेल तर पेशींत परजीवी सापडू शकतात. पण मुंबईतल्या काही गरोदर बायकांच्या रक्तात वेगळंच दिसत होतं. पेशींची संख्या खूप कमी, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी. हा प्रकार जिवावर बेतणारा होता. अनेकदा बाळंतपणाच्या सुमारास आई दगावत असे. याला मोठ्या पेशींचा रक्तक्षय म्हणतात.

असाच मोठ्या पेशींचा एक आजार युरोप-अमेरिकेत माहीत होता. त्याला पर्निशस ॲनिमिया म्हणत आणि १९२६ मध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवलं होतं की रोग्याला भरपूर कलेजी खाऊ घातली तर तो वाचतो. मुंबईतला आजार तोच आहे का? अनेकांना तसं वाटत होतं. पण तो आजार तिकडे बहुतेक उतारवयात होई आणि इथे तरण्या गरोदर पोरी मरत होत्या. शिवाय त्या आजारात जठरातलं आम्ल आटतं आणि मज्जातंतूंवर परिणाम होतो. इथल्या बायकांत ही लक्षणं सहसा नव्हती.

विल्सबाईंनी आधी रोगजंतूंचा माग काढला. आतड्यातला एखादा जंतू हे घडवत असेल का, हे तपासलं. त्यातून काही हाती लागलं नाही. मग त्यांनी बायका काय खातात याची पाहणी केली. या कामात तळपदे आणि मेहता हे इथले सहकारी त्यांच्यासोबत होते, शोधनिबंधांवर त्यांची नावं आहेत. चाळी-वस्त्यांतल्या घरांत काय शिजतं, बाई उजेडात किती फिरते, दूध-भाजी-फळ किती वेळा पोटात जातं, असं सगळं विचारलं गेलं. चित्र स्पष्ट होत गेलं. हा आजार गरिबांत होता. पडद्यात राहणाऱ्या गरीब मुस्लिम घरांतल्या बायकांत विशेष आढळत होता आणि त्यांच्या ताटात ताजी भाजी, फळं, दूध फार थोडं होतं. बाकी गोष्टी सारख्या असूनही जिथे ताट बरं होतं, तिथे हा आजार विरळा.

उंदीर, उवा आणि शेवटी माकडं

ताटाचा संशय आला, पण सिद्ध कसं करायचं? विल्सबाईंनी प्रयोगशाळेतल्या उंदरांना त्या बायकांसारखंच जेवण द्यायला सुरुवात केली. उंदीर रक्तक्षयाने आजारी पडले. गाभण माद्या तर पिल्लं होण्याआधीच मेल्या. जेवणात यीस्ट घातलं की आजार टळत होता. कुणीही आनंदाने निष्कर्ष जाहीर केला असता.

पण घोळ होता. या उंदरांच्या रक्तात बार्टोनेला नावाचे जंतू सापडले. ते उवांतून पसरतात. धडधाकट उंदरात ते गप्प असतात आणि उंदीर कुपोषित झाला की उचल खातात. म्हणजे उंदरांचा रक्तक्षय नुसत्या जेवणाचा की उवांचा, हे ठामपणे सांगता येईना. माझ्या मते विल्सबाईंच्या कामातली ही सगळ्यात शिकण्यासारखी जागा आहे. दोन-तीन वर्षांची मेहनत संशयास्पद ठरत असताना त्यांनी ती ओढूनताणून खरी ठरवली नाही. प्राणी बदलला. आता माकडं घेतली. बिलिमोरिया यांच्यासोबत केलेला, कमी प्रतीचं जेवण देऊन माकडांत मोठ्या पेशींचा रक्तक्षय उभा करण्याचा प्रयोग १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या माकडांतलंच एक फारच खालावलं होतं. सांगतात ते असं, की बाकी सगळं करून झाल्यावर त्याला मार्माइट देऊन पाहिलं आणि ते झपाट्याने सुधारलं. मार्माइट म्हणजे बिअर बनवून उरलेल्या यीस्टचा अर्क. गडद, चिकट, काकवीसारखा दिसणारा आणि कमालीचा खारट. इंग्लंडमध्ये तो पावावर लावून खातात. १९०२ पासून बाजारात होता आणि स्वस्त होता. तो आवडणारे आणि न आवडणारे असे त्या देशात दोन पक्षच आहेत.

माकडाची गोष्ट रंगवून सांगितली जाते, पण यीस्टकडे लक्ष आधीच्या प्रयोगांनीही वेधलं होतं. आजारी बायकांना मार्माइट दिल्यावर दिवसांतच फरक दिसू लागला. मज्जेतून नव्या पेशींची भरती सुरू होई, भूक लागे, अंगात जीव येई. २० जून १९३१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्सबाईंनी हे उपचार जाहीर केले. कलेजीचा अर्क महाग होता, यीस्टचा अर्क स्वस्त आणि शाकाहारी. गरीब रोग्यांसाठी आणि मांसाहार न करणाऱ्या घरांसाठी ही गोष्ट किती मोठी होती, हे वेगळं सांगायला नको.

नेमका कुठला पदार्थ गुण देतोय, हे मात्र माहीत नव्हतं. जे माहीत नव्हतं त्याला लोक विल्स फॅक्टर म्हणू लागले. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. साधा, न गाळलेला कलेजीचा अर्क या बायकांना गुण देतो. पण पर्निशस ॲनिमियावर चालणारा शुद्ध केलेला अर्क देत नाही. म्हणजे शुद्धीकरणात जे गाळून जातं, त्यातच हा पदार्थ आहे. म्हणजेच दोन्ही आजारांत पेशी मोठ्या दिसल्या तरी कमतरता दोन वेगळ्या पदार्थांची आहे. आज आपण त्यातल्या एकाला बी-१२ म्हणतो आणि दुसऱ्याला फॉलिक ॲसिड.

नोव्हेंबर १९३७ मध्ये दहा आठवड्यांसाठी विल्सबाई पुन्हा हाफकिनमध्ये आल्या, या खेपेला समुद्रात उतरणाऱ्या विमानाने. साउदॅम्प्टन ते कराची प्रवासाला पाच दिवस लागले आणि वाटेत डझनभर ठिकाणी इंधन भरायला उतरावं लागलं.

सिलोनची साथ, आणि वारेत अडकलेला परजीवी

विल्सबाई मुंबईहून परतल्या त्याच्या पुढच्याच वर्षी सिलोनमध्ये मलेरियाची भयंकर साथ आली. १९३४-३५ च्या त्या साथीत सुमारे ८० हजार माणसं गेली. आधीच उपाशी असलेल्या गावांत मदतीला गेलेल्या सूर्यमल चळवळीच्या स्वयंसेवकांनी लोकांना क्विनाइनबरोबर मार्माइटही दिलं. कुपोषणावर मार्माइट ही गोष्ट तोवर या भागात पोचली होती.

त्याच साथीत कोलंबोचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. विक्रमसूरिया यांनी मलेरिया झालेल्या गरोदर बायकांचा बारकाईने अभ्यास केला. गर्भपात, अकाली प्रसूती, मृत जन्म आणि आईचे मृत्यू यांचं ते चित्र अस्वस्थ करणारं आहे. गरोदर बाईला मलेरिया इतरांपेक्षा जड जातो हे दिसत होतं. का, ते कळायला आणखी साठ वर्षं लागली.

ते कारण असं. वार म्हणजे गर्भाशयाला चिकटलेला, नाळेने बाळाशी जोडलेला अवयव. आईचं आणि बाळाचं रक्त वारेत एकत्र मिसळत नाही. वारेच्या बारीक फांद्या आईच्या रक्ताच्या डबक्यात बुडालेल्या असतात. फांदीच्या आत बाळाचं रक्त, बाहेर आईचं. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू, साखर, प्रथिनांचे घटक, लोह आणि फॉलिक ॲसिड बाळाकडे जातात. देवाणघेवाण सगळी या पडद्यावर.

फाल्सिपेरम जातीचा मलेरिया झाला की परजीवी ज्या तांबड्या पेशीत शिरतो, तिच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिनं उगवतात. त्यांतला एक प्रकार वारेच्या पडद्यावरच्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए या साखळीला बरोबर चिकटतो. हे चिकटणं १९९६ मध्ये उघड झालं. चिकटणारं नेमकं प्रथिन काही वर्षांनी सापडलं. गरोदरपणाआधी शरीरात वारच नसते, म्हणून या प्रकाराविरुद्ध बाईच्या रक्तात प्रतिकारशक्तीही नसते. म्हणूनच जिथे मलेरिया बारमाही असतो अशा भागांत पहिलटकरणीला धोका सगळ्यात जास्त. पुढच्या खेपांना शरीर थोडं तयार झालेलं असतं. आपल्याकडे बहुतेक भागांत मलेरिया तितका सततचा नाही, त्यामुळे कितवीही खेप असो, ताप जड जाऊ शकतो.

वारेत अशा पेशींची गर्दी झाली की आईचं शरीर तिथे संरक्षक पेशी पाठवतं. सूज येते, पडदा जाड होतो, परजीवीने मागे टाकलेला काळा रंग साचतो. रक्ताचा ओघ मंदावतो आणि बाळाला पोचणारा शिधा कमी होतो. बाळ पोटात खुरटतं, अडीच किलोंपेक्षा कमी वजनाचं जन्मतं, किंवा दिवस भरण्याआधी येतं. यात एक फसवी गोष्ट आहे. परजीवी वारेत दडलेले असल्याने बोटातून घेतलेल्या रक्तात ते कधी कधी सापडतच नाहीत. तपासणी निर्दोष येते आणि वार भरलेली असते. आपल्याकडे दिसणारा व्हायवॅक्स मलेरिया वारेत असा दाटीने अडकत नाही, पण त्यानेही आईचं रक्त कमी होतं आणि बाळाचं वजन घटतं.

आता विल्सबाईंच्या मोठ्या पेशी आठवा. नवी पेशी बनवायची तर आधी तिचा डीएनए दुप्पट व्हावा लागतो आणि त्याला फॉलेट लागतं, म्हणजे भाजी-डाळींत मिळणारं फॉलिक ॲसिडचं नैसर्गिक रूप. ते नसेल तर मज्जेतली पेशी आकाराने वाढते पण तिला विभागता येत नाही, म्हणून पेशी मोठ्या आणि मोजक्या. गरोदरपणात बाळ, वार आणि आईचं वाढतं रक्त, तिघांनाही फॉलेट हवं असतं. त्यात मलेरियाने पेशी फोडल्या की मज्जेला नव्या पेशींचा कारखाना दुप्पट वेगाने चालवावा लागतो आणि उरलंसुरलं फॉलेट संपतं. म्हणजे ताट रिकामं असलेल्या बाईला मलेरिया दोन बाजूंनी मारतो. वारेतून बाळाचा शिधा तोडतो आणि आईचा साठाही खाली करतो.

गंमत अशी की परजीवीलाही वाढायला फॉलेटच लागतं. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन हे मलेरियाचं औषध परजीवीचा फॉलेटचा मार्ग तोडूनच काम करतं. त्यामुळे ते औषध चालू असताना फॉलिक ॲसिड फार मोठ्या मात्रेत, म्हणजे रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, दिलं तर औषधाचा जोर कमी होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना तसं करू नका म्हणते. सरकारी लाल गोळीतली मात्रा याच्या एक-दशांश आहे, तिची भीती नको. पण गरोदरपणात ताप आला तर घरी काढ्यावर थांबू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि कुठल्या गोळ्या किती मिलिग्रॅमच्या चालू आहेत ते डॉक्टरांना दाखवा. मलेरियाची काही औषधं, उदाहरणार्थ प्रायमाक्वीन, गरोदर बाईला देत नाहीत, म्हणून दुकानातून परस्पर औषध आणणं धोक्याचं.

विल्स फॅक्टरला नाव मिळालं

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा करण्यात आला. पानासाठी लॅटिन शब्द फोलियम, त्यावरून फॉलिक ॲसिड. १९४५ मध्ये लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या बनवण्यात आलं. त्या गटाचे प्रमुख होते डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांचे भाऊ स्प्रू या आतड्याच्या आजाराने गेले होते. त्या आजारातही मोठ्या पेशींचाच रक्तक्षय होतो आणि फॉलिक ॲसिड त्यावर लागू पडतं. परळमध्ये सुरू झालेला शोध एका भारतीयाच्याच हाताखाली पूर्ण व्हावा, हा योगायोग छान आहे. विल्स फॅक्टर हे नाव मात्र मागे पडलं. जीवनसत्त्वाला खरं नाव मिळालं आणि बाईंचं नाव पाठ्यपुस्तकांतून हळूहळू निघून गेलं.

विल्सबाई तेव्हा लंडनमध्ये युद्धाला तोंड देत होत्या. रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचं काम त्या सांभाळत होत्या. जुलै १९४४ मध्ये रुग्णालयावर उडता बॉम्ब पडला, माणसं मेली, काही दिवस काम थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. रेशनिंगचा आणि लोहाच्या नियमित मात्रेचा गरोदर बायकांच्या हिमोग्लोबिनवर काय परिणाम होतो, याचाही त्यांनी सहकाऱ्यांसोबत अभ्यास केला. तो १९४७ मध्ये छापून आला. म्हणजे आजच्या लाल गोळीतल्या दोन्ही घटकांवर त्यांनी काम केलं होतं. रॉयल फ्रीमधला रक्तविकारांचा पहिला विभागही त्यांनीच उभा केला.

१९४७ मध्ये निवृत्त झाल्यावर त्या घरी बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका इथे जाऊन पोषण आणि रक्तक्षयाचं काम करत राहिल्या. शेवटच्या दहा वर्षांत चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेवक होत्या. लग्न केलं नाही. मैत्रिणी जपल्या, डोंगर चढल्या, बर्फावर स्की केलं, बाग केली आणि कामावर मोटारीऐवजी सायकलने जात राहिल्या. १६ एप्रिल १९६४ ला त्यांचं निधन झालं.

त्याच १९६४ मध्ये ब्रायन हिबर्ड या प्रसूतितज्ज्ञाने फॉलेटची कमतरता आणि वार वेळेआधी सुटणं यांचा संबंध मांडणारा निबंध लिहिला. पुढच्या वर्षी स्मिथेल्स यांच्यासोबत त्यांनी हीच कमतरता बाळाच्या मेंदू आणि कण्यातल्या जन्मजात व्यंगांशी जोडली. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांत केलेल्या चाचणीचा निकाल आला. ज्या बायकांना आधी असं व्यंग असलेलं मूल झालं होतं, त्यांनी गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. कणा बंद होण्याचं काम गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच उरकतं, बहुतेक बायकांना तेव्हा पाळी चुकल्याचंही धड कळलेलं नसतं. म्हणून मूल हवंय असं ठरलं की गोळी आधीच सुरू करायला सांगतात.

भारतात लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वाटण्याचा सरकारी कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. हिमोग्लोबिन तिथेच पाहतात, ताप असेल तर मलेरियाची तपासणी मागून घेता येते आणि गोळ्या संपल्या असतील तर त्याही मिळतात.